लोअरिंग स्प्रिंग बसवण्याचा बरोबर क्रम

इंदुरात लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे मूळपेक्षा आखूड आणि कडक स्प्रिंग, घालून गाडी खाली बसवून घेणाऱ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच असते. गाडी दिसायला देखणी होते, पण खड्ड्यातला दणका थेट कंबरेत जातो, आणि रिंग रोडवर वेग वाढला की पुढचा भाग डोलायला लागतो. मग लोक स्प्रिंगला नावं ठेवतात. बहुतेक वेळा चूक बसवण्यात असते: गाडी किती मिमी खाली जाणार ते आधी तपासलेलं नसतं, बंप स्टॉपकडे कुणी पाहिलेलं नसतं, सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळलेले असतात, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, पहिल्याच दिवशी उरकलेली असते.

खालचा सगळा क्रम पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेला खांब) आणि मागच्या चाकांना ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट, आय ट्वेंटी, पोलो या सगळ्या त्यात आल्या.

## आराम नेमका कुठे जातो

स्प्रिंग कडक झाली म्हणून गाडी कडक झाली, असं समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. चाकापाशी स्प्रिंगचा दर २० न्यूटन प्रति मिमी आहे आणि त्या चाकावर गाडीचं २८० किलो वजन आहे, असं धरा. गाडी सेकंदाला साधारण १.३५ वेळा हलते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली, म्हणजे दर २६ झाला, तर हाच आकडा १.५३ होतो. फरक जाणवतो, पण तो सहन होण्यासारखा असतो.

आता बंप स्टॉप. शॉकरच्या दांड्यावर वरच्या टोकाला असलेला हा फोमचा ठोकळा चाक फार वर आलं की धक्का झेलतो. मूळ गाडीत तो टेकेपर्यंत ६० मिमी जागा असेल, तर तेवढ्या प्रवासात मूळ स्प्रिंग सुमारे ३६ ज्यूल ऊर्जा पचवते. गाडी ३५ मिमी खाली आली की जागा उरते २५ मिमी, आणि त्यात ३० टक्के कडक स्प्रिंगसुद्धा जेमतेम ८ ज्यूल पचवते. बाकीचा सगळा धक्का बंप स्टॉप झेलतो आणि तिथून तो बॉडीत जातो. कंबरेला लागतो तो हा दणका. म्हणून स्प्रिंगची कंपनी निवडण्याआधी किती मिमी खाली जायचं ते ठरवा.

हाताळणीतही मिळतं तसं जातं. गुरुत्वमध्य खाली येतो, स्टिअरिंगला गाडी लवकर उत्तर देते, ब्रेक मारला की नाक कमी खाली जातं. पण पुढच्या चाकांचे लोअर आर्म (चाक खालून बॉडीला जोडणारे दांडे) चाकाच्या बाजूने वर उचलले गेले, की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. कलवणाऱ्या जोराचा दांडा त्यामुळे लांब होतो, आणि कडक स्प्रिंगने कमावलेलं काही अंशी तिथेच खर्च होतं. आडवं असलेलं लोअर आर्म थोडं वर गेलं तर चालतं. फार वर गेलेलं आर्म पाहिलं तर ती गाडी गरजेपेक्षा जास्त खाली आहे असं समजा.

## टप्पा १: मोजमाप

गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये ठरलेली हवा भरा, टाकी अर्धी ठेवा, डिकी रिकामी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, हवा कमीजास्त झाली की तो आकडा बदलतो. चारही आकडे लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ते लागतात.

नंतर डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून सिमेंटच्या तीन गोण्या ठेवा, म्हणजे १५० किलो, आणि मागचे आकडे पुन्हा मोजा. उज्जैनला किंवा ओंकारेश्वरला घरचे सगळे बसून निघाल्यावर गाडी किती बसते, याचा हा जवळचा अंदाज आहे. मागे २५ मिमी बसली, तर वर ३५ मिमी लोअरिंग केल्यावर एकूण ६० मिमी गेले. तेवढी जागा मागच्या बंप स्टॉपपाशी आहे का?

हे पाहायला साधी युक्ती आहे. मागच्या शॉकरच्या चकचकीत दांड्यावर, खालच्या नळीला टेकवून, एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बसवा. दांड्यावर रबरी कव्हर असेल तर ते वर सरकवा. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवा. चाक वर आलं की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहते. गाडी जमिनीवर उभी असताना टाय आणि नळी यांच्यात जे अंतर दिसेल, तेवढा प्रवास तुमच्या रस्त्यांनी आत्ताच वापरला आहे. टाय आणि बंप स्टॉपचं टोक यांच्यात उरलेली जागा २० मिमी असेल, तर ४० मिमीचं किट घेणं म्हणजे रोज बंप स्टॉपवर चालणं.

## टप्पा २: गतिरोधकाची चाचणी, स्प्रिंग विकत घेण्याआधी

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आणि व्हीलबेस २४५० मिमी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असतो. तो दोन्ही चाकांच्या मध्ये आला की गाडीच्या पोटाखालची फक्त ४४ मिमी जागा खातो, कारण चाकंही त्याच उंचवट्यावर असतात. ३५ मिमी खाली केलेली स्विफ्ट त्यावरून सहज जाते. अडचण करतात ते कॉलनीतले अरुंद, उभे उंचवटे. सुदामानगरच्या गल्लीतला १२० मिमीचा एखादा गतिरोधक घ्या. चाकं उतरून गेली की तो पोटाखाली पूर्ण उंचीने उभा राहतो. १६३ मधून ३५ आणि १२० गेले की उरतात ८ मिमी, तेही गाडीत एकटा चालक असताना.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर ३५ मिमी जाडीचे थर्माकोलचे तुकडे गाडीच्या पोटाखाली सर्वांत खालच्या जागी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, टेपने चिकटवा आणि रोजच्या वाटेने घरच्यांसह फिरून या. घासलेला तुकडा काय ते सांगतो.

सावधान: थर्माकोल सायलेन्सरच्या नळीजवळ लावू नका. ते वितळतं आणि पेटूही शकतं.

घरच्या गाडीसाठी २५ ते ३० मिमी हे आमच्या मते माळव्यातल्या रस्त्यांना झेपणारं माप आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. अशा लाटेवर चाकाला प्रवास लागतोच. ४० मिमीच्या पुढे जायचं असेल तर नुसत्या स्प्रिंगने भागत नाही, शॉकरही आखूड लागतात.

## टप्पा ३: सामान गोळा करणं

- गाडीच्या नेमक्या मॉडेलचं, इंजिनाचं आणि वर्षाचं किट. डिझेल गाडीचं नाक जड असतं, पेट्रोलच्या स्प्रिंग तिला चालत नाहीत.
- शॉकर ६०,००० किमीपेक्षा जास्त चालले असतील किंवा तेलकट दिसत असतील तर नवे. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की त्याच शॉकरची डोलणं थांबवण्याची ताकद त्या मानाने सुमारे १२ टक्के कमी पडते. थकलेल्या शॉकरवर हा फरक लगेच दिसतो. वेगात नाक तरंगण्याचं मूळ हेच. बिल्स्टाइनचे बी ८ शॉकर खास खाली केलेल्या गाड्यांसाठी आखूड बांध्याचे असतात, बी ६ मूळ उंचीसाठी.
- स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि बेअरिंग, दोन्ही बाजूंचे. स्ट्रट एकदा उघडलाच आहे तर जुनं बेअरिंग परत बसवणं खोटी बचत आहे.
- नवे बंप स्टॉप, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले सगळे बोल्ट.
- दोन हुकांचा चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीवर बोल्ट आवळणारा पाना), चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, ॲलन की. पाने आणि गोट्या सियागंजात सगळ्या मापांच्या मिळतात. कॉम्प्रेसर मात्र हातात घेऊन आटे तपासल्याशिवाय घेऊ नका.

मूळ स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापून देणारे मिस्त्री अजून आहेत. कापलेली स्प्रिंग खालच्या खाचेत नीट बसत नाही, चाक लटकलं की सुटी होते, आणि कापताना तापलेल्या पोलादाचा गुण बदलतो. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं त्याहून वाईट. या दोन्ही गोष्टींना ठाम नाही म्हणा.

कागदपत्रांचंही आताच बघा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडे आधी लेखी विचारणा करा.

## टप्पा ४: पुढचा स्ट्रट काढणं

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून हेडलाइटच्या झोताची वरची रेघ खडूने भिंतीवर आखा. उभी केलेली जागाही फरशीवर खुणेने ठेवा.

१. चाकांचे नट सैल करा, गाडी उचला, घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हातही घालू नका.

२. ब्रेकच्या होजची आणि एबीएसच्या वायरची क्लिप स्ट्रटवरून सोडवा. हे विसरून स्ट्रट ओढला की वायर तुटते आणि मीटरवर एबीएसचा दिवा कायमचा लागतो.

३. स्ट्रटला जोडलेल्या बारीक लिंक रॉडचा नट काढा. सोबत बॉल जॉइंट फिरत असेल तर मधल्या खाचेत ॲलन की धरा.

४. स्ट्रट नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असेल तर काढण्याआधी बोल्टच्या डोक्याभोवती पांढऱ्या रंगाने खूण करा. जुना कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) साधारण तिथेच परत मिळतो. काही युरोपीय गाड्यांत स्ट्रट नकलच्या पकडीत घुसवलेला असतो, तिथे पकड फाकवायचं खास अवजार लागतं. छिन्नी ठोकू नका.

५. बोल्ट काढल्यावर नकल बाहेर कलंडतं. ते तारेने बांधून ठेवा, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा निसटतो.

६. वरचे माउंटिंगचे बाहेरचे नट काढून स्ट्रट खाली घ्या.

सावधान: माउंटिंगच्या अगदी मधला नट आत्ता उघडू नका. स्प्रिंग दाबलेली आहे, आणि हा एकच नट ती धरून आहे.

## टप्पा ५: स्प्रिंग बदलणं

कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक स्प्रिंगवर समोरासमोर लावा, शक्य तितके जास्त वेढे पकडून. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन फेरे, असे हाताच्या पान्याने आवळत जा. एअर गन वापरू नका. स्ट्रटच्या टोकाच्या रेषेत चेहरा येऊ देऊ नका. स्प्रिंग वरच्या ताटलीपासून सुटी होऊन हाताने हलायला लागली, की मगच मधला नट उघडा.

आता बंप स्टॉप. किटसोबतच्या कागदावर त्याचा किती भाग कमी करायचा ते लिहिलेलं असतं, तेवढाच कमी करा. बारीक टोक मऊ असतं आणि धक्क्याची सुरुवात तेच झेलतं. म्हणून कापायचं असेल तर सहसा माउंटिंगकडच्या जाड बुडाकडून कापतात. किट वेगळं सांगत असेल तर किटचंच ऐका. मिस्त्री कधीकधी मऊ टोक उडवतात, आणि मग धक्का पहिल्या मिमीपासून कडक लागतो. बंप स्टॉप पूर्ण काढून टाकणं त्याहून महागात पडतं: शॉकर आतून बुडाला आपटतो, किंवा टायर फेंडरच्या आतल्या बाजूला लागतो.

नवी स्प्रिंग छापील अक्षरं वाचता येतील अशी उभी धरा. खालचं टोक ताटलीतल्या अडणीजवळ, फार तर ५ मिमी अंतर ठेवून, बसलं पाहिजे. टोक अडणीवर चढलं तर गाडी त्या बाजूला उंच राहते आणि वळताना टक् असा आवाज येतो. मधला नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा, दांडा ॲलन कीने धरून. गनने आवळला तर दांडा फिरतो आणि आतल्या सीलला व व्हॉल्व्हला इजा होते.

तपासणी: कॉम्प्रेसर काढल्यावर स्ट्रट हातात धरून स्प्रिंग फिरवून बघा. ती हाताने फिरली, तर चाक लटकल्यावर जागची हलणार. अशी जोडणी गाडीत घालू नका, आखूड शॉकर घ्या.

## टप्पा ६: मागच्या स्प्रिंग

हे काम सोपं आहे. बीमखाली जॅक लावा, दोन्ही शॉकरचे खालचे बोल्ट काढा, बीम हळूहळू खाली घ्या आणि स्प्रिंग हाताने बाहेर काढा. ब्रेक होज, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, यावर नजर ठेवा. वरचे-खालचे रबर वॉशर जागच्या जागी घाला, टोक खाचेत बसवा. बाकी काही नाही.

## टप्पा ७: बुशचे बोल्ट कधी आवळायचे

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, आणि त्याचं नुकसान सहा महिन्यांनी दिसतं. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे रबर बुश बोल्टभोवती फिरत नाहीत, ते पिळले जातात. बोल्ट ज्या उंचीला आवळला, ती त्या रबराची आरामाची जागा. गाडी घोड्यांवर असताना, चाक खाली लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यापासून ते रबर दिवसरात्र पिळलेलं राहतं. ते जास्तीच्या स्प्रिंगसारखं काम करतं, गाडी अपेक्षेपेक्षा उंच आणि कडक राहते, आणि शेवटी रबर फाटतं.

लोअरिंगमध्ये याहून पुढची गोष्ट आहे. जे बोल्ट तुम्ही उघडलेच नाहीत, तेही कारखान्यात जुन्या उंचीला आवळलेले आहेत. म्हणून लोअर आर्मचे, बीमच्या मुख्य बुशचे आणि मागच्या शॉकरच्या खालचे बोल्ट सैल करून नव्या उंचीला पुन्हा आवळायचे.

उत्तम जागा म्हणजे अलाइनमेंटवाल्याचा चार खांबांचा रॅम्प, जिथे वजन चाकांवरच राहतं. घरी करायचं असेल तर गाडी एकदा जमिनीवर ठेवून पुढे-मागे हलवा आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं नवं अंतर मोजा. मग गाडी परत घोड्यांवर घ्या आणि बॉल जॉइंटजवळ जॅक लावून आर्म तेच अंतर येईपर्यंत उचला. गाडी घोडीवरून सुटायला लागली तर थांबा, जबरदस्ती करू नका. त्या उंचीला बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.

## टप्पा ८: पहिले ३०० किमी

स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत आणखी थोडी बसते. म्हणून पूर्ण अलाइनमेंट लगेच करू नका. पण टो (चाकांची पुढची टोकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) तसाच सोडून ३०० किमी चालवणंही बरोबर नाही, कारण गाडी खाली आली की टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि टो सरकतोच. पहिल्या दिवशी फक्त टो मर्यादेत आणून घ्या.

५० किमीनंतर चाकांचे नट आणि सैल केलेले सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. या काळात स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, एक चाक फुटपाथच्या उतारावर चढवून, टायर कुठे घासतो का ते पाहा.

## टप्पा ९: अलाइनमेंट आणि हेडलाइट

३०० किमीनंतर चारही आकडे पुन्हा मोजा. डावी-उजवी तफावत मूळ गाडीत ४ मिमी होती आणि आता १२ असेल, तर कुठली तरी स्प्रिंग खाचेत बसलेली नाही. अलाइनमेंटच्या आधी ते उघडून बघा.

पुढचा कॅम्बर उणे १ ते उणे १.५ अंशांत असेल तर रोजच्या वापराला ठीक. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. टो कंपनीच्या आकड्यावर आणा. टायर आतून झिजले की सगळे कॅम्बरला दोष देतात, पण टो चुकला तर टायर त्याहून लवकर संपतो. ट्विस्ट बीममध्ये मागे साधारणपणे काही जुळवता येत नाही, तरी मागचे आकडे छापून घ्या. ते हद्दीबाहेर असतील तर बीम वाकलेला आहे किंवा बुश गेले आहेत.

शेवटी गाडी त्याच खुणेवर उभी करून पुढची बाजू जेवढे मिमी खाली आली, झोताची रेघ खडूच्या रेघेच्या तेवढेच मिमी खाली जुळवा. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली गेली असेल तर झोत रस्त्यात रुततो.

## टप्पा १०: रस्त्यावर तपासणी

केबल टाय परत नळीला टेकवा. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढच्या घाटातून दोन माणसं बसवून, मर्यादेतल्या वेगाने, एकदा जाऊन या.

- दणका फक्त मोठ्या खड्ड्यात आणि एकदाच लागतो, टाय बंप स्टॉपपर्यंत पोचलेली: प्रवास कमी पडतो आहे. बंप स्टॉप बरोबर मापाचा आहे का ते बघा, नाहीतर कमी मिमीचं किट.
- लहान खडीवरही सतत थरथर, टाय मात्र जेमतेम सरकलेली: स्प्रिंगला दोष देऊ नका. टायरची हवा आणि लटकत आवळलेले बुश तपासा.
- उंचवट्यानंतर गाडी दोनतीनदा डोलते: शॉकर थकलेले आहेत.
- खडबडीत वळणावर पुढची बाजू बाहेर घसरते, गुळगुळीत वळणावर नाही: चाक रस्ता सोडतं आहे. शॉकर आणि बंप स्टॉप दोन्ही बघा.
- सरळ रस्त्यावर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढतं: टाय रॉडचा कोन जास्त चढला आहे. अलाइनमेंटने हे जात नाही, गाडी वर घ्यावी लागते.
- जागेवर स्टिअरिंग फिरवताना टक् आवाज: स्प्रिंगचं टोक किंवा वरचं बेअरिंग.

काढलेल्या मूळ स्प्रिंग आणि बंप स्टॉप पुढचे-मागचे, डावे-उजवे असं रंगाने लिहून, तेलाचा हात फिरवून ठेवा. गाडी विकताना किंवा मूळ उंचीवर आणताना त्या जशाच्या तशा लागतात, आणि त्या वेळीही टप्पा ७ आणि ९ पुन्हा करावे लागतात.